न्यायालयातील पट्टेवाला ते केंद्रीय गृहमंत्री : सुशीलकुमार शिंदे यांच्या वाटचालीतील संस्थांचे स्थान

प्रस्तावना

लोकशाहीत श्रमिकाचा मंत्री होऊ शकतो, हे वाक्य नागरिकशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात सापडते. तो कोणत्या वाटेने मंत्री होतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. अशा व्यक्तीचे चरित्र बहुधा जिद्दीची कहाणी म्हणून सांगितले जाते. जिद्द आवश्यक असतेच. पण तितकीच जिद्द असलेली हजारो माणसे जिथल्या तिथे राहतात. म्हणून चरित्रनायकाच्या गुणांबरोबरच त्याला वर नेणाऱ्या संस्थांचा अभ्यास करणे गरजेचे ठरते. प्रस्तुत लेखात सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे यांच्या वाटचालीचे या दृष्टीने विवेचन केले आहे. तुलनेसाठी ब्रिटनमधील खाणकामगार मंत्री अन्यूरिन बेव्हन यांचे उदाहरण घेतले आहे.

वाटचालीचे टप्पे

शिंदे यांचा जन्म ४ सप्टेंबर १९४१ रोजी सोलापूर येथे, कातडी कमावण्याच्या पारंपरिक व्यवसायाशी जोडल्या गेलेल्या ढोर समाजात झाला. लहानपणीच पितृछत्र हरपल्याने शिक्षण आणि पोटापाण्याचे काम ही दोन्ही ओझी एकाच वेळी वाहावी लागली. १९५७ मध्ये ते सोलापूरच्या सत्र न्यायालयात कनिष्ठ कर्मचारी म्हणून रुजू झाले. आपण पट्टेवाला होतो, हे त्यांनी पुढील आयुष्यात कधी लपविले नाही. १९६५ पर्यंतच्या या नोकरीच्या काळात त्यांनी शिक्षण चालू ठेवले आणि १९४० मध्ये स्थापन झालेल्या दयानंद महाविद्यालयातून कला शाखेची पदवी मिळविली. पुढे त्यांनी कायद्याचेही शिक्षण घेतले. त्यानंतर ते महाराष्ट्र पोलीस दलात उपनिरीक्षक झाले.

१९७१ मध्ये शरद पवार यांच्या प्रोत्साहनाने पोलीस खात्याचा राजीनामा देऊन त्यांनी काँग्रेस पक्षात प्रवेश केला. करमाळा येथील पोटनिवडणुकीतून ते प्रथम विधानसभेत गेले. पुढे सोलापूर शहरातील राखीव मतदारसंघातून ते वारंवार निवडून आले व राज्याचे अर्थमंत्रीही झाले. १९९८ आणि १९९९ मध्ये त्यांनी सोलापूरची लोकसभेची जागा जिंकली. तेव्हा ही जागा राखीव नव्हती. ती २००९ च्या निवडणुकीपासून राखीव झाली. राखीव जागेने ज्याला राजकारणाचा उंबरठा ओलांडून दिला, त्याने पुढे खुल्या जागेवर सर्व समाजांची मते मिळविली, ही बाब आरक्षणाविषयीच्या चर्चेत सहसा दुर्लक्षित राहते.

२००२ मध्ये उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत भैरोसिंह शेखावत यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. त्यानंतर जानेवारी २००३ मध्ये ते महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले. पुढे आंध्र प्रदेशचे राज्यपाल, २००६ पासून केंद्रीय ऊर्जामंत्री आणि ३१ जुलै २०१२ ते मे २०१४ या काळात केंद्रीय गृहमंत्री, असा त्यांचा प्रवास झाला.

खाणीतून मंत्रिमंडळात : बेव्हन यांची वाट

श्रमिकाला मंत्रिपदापर्यंत नेणारी वाट सर्वत्र एकच नसते. बेव्हन यांचा जन्म १८९७ मध्ये वेल्समधील ट्रेडेगर या कोळसाखाणीच्या गावी झाला. वयाच्या तेराव्या वर्षी शाळा सोडून ते खाणीत उतरले. त्यांचे वाचन झाले ते कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून चालविलेल्या ग्रंथालयात. उच्च शिक्षण झाले ते दक्षिण वेल्सच्या खाणकामगार संघटनेच्या खर्चाने लंडनच्या कामगार महाविद्यालयात. १९२९ मध्ये ते संसदेत गेले आणि १९४५ मध्ये आरोग्यमंत्री झाले. ५ जुलै १९४८ रोजी त्यांनी सर्व नागरिकांसाठी मोफत राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. तिचा नमुना त्यांच्या गावातच होता. ट्रेडेगरचे कामगार वेतनातून ठरावीक रक्कम देऊन एक वैद्यकीय साहाय्य संस्था चालवीत असत. बेव्हन यांनी तीच कल्पना देशव्यापी केली. १९५१ मध्ये दातांच्या कवळ्या व चष्मे यांवर शुल्क आकारण्याचे सरकारने ठरविताच त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

दोन वाटांतील फरक

बेव्हन यांची वाट कामगार संघटनेची, तर शिंदे यांची वाट शासकीय नोकरी, महाविद्यालय, राखीव मतदारसंघ आणि पक्ष या चार पायऱ्यांची होती. हा फरक मंत्र्याच्या कार्यपद्धतीतही उमटतो. संघटनेच्या बळावर आलेल्या मंत्र्यामागे सरकारबाहेरचा आधार असतो. त्यामुळे तत्त्वासाठी पद सोडणे त्याला तुलनेने सोपे जाते. पक्षाने हेरलेल्या व वाढविलेल्या मंत्र्याची निष्ठा स्वाभाविकपणे पक्षाकडे असते. १९९९ मध्ये शरद पवार यांनी वेगळा पक्ष स्थापन केला, तेव्हा त्यांच्याच प्रोत्साहनाने राजकारणात आलेले शिंदे काँग्रेसमध्येच राहिले. पक्ष सांगेल ती जबाबदारी स्वीकारणे, मग ती पराभव जवळजवळ निश्चित असलेली निवडणूक असो वा राज्यपालपद, हे त्यांच्या कारकिर्दीचे ठळक वैशिष्ट्य मानावे लागते.

या निष्ठेची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतासह देशाच्या मोठ्या भागातील वीजजाळे कोसळले आणि सुमारे ६० कोटी लोकसंख्येचा प्रदेश अंधारात गेला. त्याच ३१ जुलैला ऊर्जामंत्री शिंदे यांच्याकडे गृहखाते सोपविण्यात आले. यावर त्या वेळी टीका झाली. संसदीय उत्तरदायित्वाच्या दृष्टीने तिच्यात तथ्य होते.

गिरणगावातील प्रश्न

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. सोलापूर हे गिरण्यांचे शहर होते. ‘जुनी मिल’ एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली. १९३० च्या लष्करी कायद्याच्या वेळी येथील कामगारवर्गाने जी धग दाखविली ती सर्वज्ञात आहे. मग मंत्री गिरणीतून न येता न्यायालयाच्या कार्यालयातून का आला? येथील लढाऊ कामगार चळवळ प्रामुख्याने डाव्या पक्षांबरोबर राहिली आणि ते पक्ष राज्यात सत्तेपासून दूर राहिले, हे त्याचे एक सबळ कारण दिसते. मात्र ही वाट निष्फळ ठरली असे म्हणता येत नाही. मार्क्सवादी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी १० हजार घरांची वसाहत उभी राहिली व २००६ मध्ये तिचे लोकार्पण झाले. पुढे तेथेच ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्प आकारास आला. मंत्रिपदाविनाही संघटना काय मिळवू शकते, याचा हा पुरावा होय.

परतफेड

बेव्हन यांनी गावातील संस्थेचा नमुना देशाला दिला. शिंदे यांच्या बाबतीत समांतर उदाहरण उच्च शिक्षणाचे आहे. सोलापूरची महाविद्यालये दीर्घकाळ कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. काम करून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला किरकोळ कामासाठीही परगावी जाणे म्हणजे एक-दोन दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडणे होते. शिंदे मुख्यमंत्री असताना १ ऑगस्ट २००४ रोजी केवळ सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. नोकरी करीत पदवी मिळविलेल्या माणसाच्या कारकिर्दीत हे घडले, हे अर्थपूर्ण आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, श्रमिकाचे मंत्री होणे ही एकट्याची झेप नसून अनेक संस्थांनी मिळून उभारलेल्या शिडीवरील चढण असते. शिडी ज्या लाकडाची, तिचा गुण चढणाऱ्याच्या अंगी काही अंशी उतरतो. या शिडीतील एक पायरी, म्हणजे महाविद्यालय, प्राध्यापकवर्गाच्या हाती आहे. आजही सोलापुरातील यंत्रमागावर, दुकानात किंवा घरी विड्या वळून शिकणारे विद्यार्थी वर्गात बसतात. हजेरीचे नियम, तासिकांच्या वेळा, शुल्काची मुदत आणि ग्रंथालय उघडे राहण्याचे तास या बाबी प्रशासकीय वाटतात. परंतु अशा विद्यार्थ्यासाठी पायरी शाबूत आहे की निखळली आहे, हे त्यांवरूनच ठरते. त्यांतील किती जण मंत्री होतील, हा प्रश्न गौण आहे. कामावरून थकून येणाऱ्याला पदवीपर्यंत पोहोचता येते की नाही, याच कसोटीवर महाविद्यालयाचे सामाजिक मोल तपासले गेले पाहिजे.