डिस्क घ्यावी, पण कशासाठी?

घरच्या कॉम्प्युटरसाठी डिस्क घ्यायची म्हटली, की पहिला प्रश्न, "किती टेराबाइटची?" आम्ही म्हणतो, आधी विचारावे, "तिच्यावर ठेवायचे काय?"

विंडोज, प्रोग्रॅम आणि रोजच्या फायलींसाठी एसएसडीच घ्यावी. तिच्यात फिरणारे काही नाही, त्यामुळे वेग भरपूर. लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे फोटो, कॅसेटवरून उतरवलेला आजीचा आवाज, असा मोठा साठा मात्र फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर स्वस्तात मावतो. तो मावू लागला यात आपल्या आखेनजवळच्या यूलिशचाही वाटा आहे. तिथे पेटर ग्र्यूनबेर्ग यांना १९८८ साली आढळलेल्या चुंबकीय परिणामामुळे डिस्क वाचणारी हेड्स पुढे फार संवेदनशील झाली. २००७ चे नोबेल त्यांना फ्रान्सच्या आल्बेर फेर यांच्यासह मिळाले.

हार्ड डिस्क 'सीएमआर' की 'एसएमआर', हेही बघावे. एसएमआरमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. सतत लिहायचे काम असेल तर ती रेंगाळते. नुसत्या साठवणीला चालते.

ऑनलाइन घेतलेली डिस्क परत करायला जर्मनीत १४ दिवस मिळतात, तेव्हा आल्या आल्या तपासावी. नव्या मालातल्या दोषाची विक्रेत्यावर २ वर्षे कायदेशीर जबाबदारी असते. पण तो डिस्क बदलून देईल, आजीचा आवाज कुठून देणार?

म्हणून एक भली मोठी घेण्यापेक्षा बेताच्या दोन घ्या. दोन्हींवर तोच साठा ठेवा. दुसरी आपल्याच केलरमध्ये नको, दुसऱ्या गावच्या मित्राकडे द्या. गणपतीला, दिवाळीला भेटालच. फराळाच्या डब्यांबरोबर डिस्कांचीही अदलाबदल करा!