हलत्या देखाव्याला वीज कशी द्यावी?

महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. हा प्रसंग जयंतीच्या देखाव्यांत आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. आता आपले विद्यार्थी त्यात हात व मान हलविणाऱ्या प्रतिमा बसवितात. त्यांचे कौतुक आहेच. परंतु या देखाव्यात खरे पाणी असते आणि दोन हातांवर लहान मुले उभी असतात, म्हणून विजेविषयी चार गोष्टी येथे मांडत आहोत.

प्रतिमा एकाच जागी राहणार असेल तर बॅटरीच्या भानगडीत पडू नये. ती ऐन गर्दीत उतरते. प्लगमध्ये २३० व्होल्टचा ए.सी. प्रवाह मिळतो, तर सांधे हलविणाऱ्या सर्वो मोटारीला ५ ते ६ व्होल्टचा डी.सी. लागतो. हा बदल एस.एम.पी.एस. करतो. त्याच्या आतील ट्रान्सफॉर्मरमुळे घरची लाईन आणि मोटारीची बाजू एकमेकींपासून अलग राहतात. ट्रान्सफॉर्मर नसलेले स्वस्तातले सर्किट येथे मुळीच वापरू नये.

एस.एम.पी.एस. किती मोठा घ्यावा? मोठी सर्वो मोटार अडकली तर सुमारे अडीच अँपिअर खेचते. अशा सहा मोटारी धरल्या तर १५ अँपिअर, म्हणजे ५ व्होल्टला ७५ वॉट. तेव्हा ५ व्होल्ट, २० अँपिअरचा घ्यावा. प्लगवर याचा भार जुन्या १०० वॉटच्या बल्बाएवढाच पडतो. आर्डुइनो बोर्डावरून मोटारींना वीज देऊ नये, बोर्ड जळतो. दोघांचे ग्राउंड मात्र जोडलेले हवे.

पुष्कळांची गफलत तारेत होते. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१८ ओहम असतो. एस.एम.पी.एस. दोन मीटर दूर ठेवला तर जाऊन-येऊन चार मीटर तार झाली. तिच्यातून १५ अँपिअर गेले की एक व्होल्टहून अधिक तारेतच खर्ची पडतो. मग पाचाचे चार होतात, हात थरथरतो, आणि मुले प्रोग्रॅममधील चूक शोधत बसतात! प्रत्येक मोटारीला स्वतंत्र तार दिली तर ही घट ०.१८ व्होल्टवर येते. शक्यतो एस.एम.पी.एस. चौथऱ्यातच, पाण्यापासून दूर, हवा खेळेल अशा बंद पेटीत ठेवावा.

पाणी फिरविणारा पंप १२ व्होल्टचाच घ्यावा. २३० व्होल्टचा पंप मुलांच्या हाताशी नको. लोखंडी सांगाडा अर्थिंगला जोडावा. एम.सी.बी. आहे म्हणून निर्धास्त राहू नये. तो तारेला वाचवितो, माणसाला नव्हे. ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. गळणारा प्रवाह ओळखून लाईन तोडतो. तो हवाच.

आकडा टाकून वीज घेण्याचा मोह काही ठिकाणी होतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीजविषयक धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. त्यांच्या जयंतीला तरी रीतसर तात्पुरती जोडणी घ्यावी. आकड्यावर अर्थिंगही मिळत नाही.

गर्दी येण्यापूर्वी रोज आर.सी.सी.बी.वरील टेस्टचे बटन दाबून पाहावे. लाईन तुटली नाही तर त्या दिवशी देखावा बंद ठेवावा.