संदर्भाची एक ओळ

आमांशावरच्या वैद्यकीय साहित्यात डॉ. ओ. उप्लावित्सी या संशोधकाचे नाव सुमारे पन्नास वर्षे घेतले जात होते. असा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. प्रागचे डॉक्टर यारोस्लाव ह्लावा यांनी १८८७ मध्ये या रोगावर चेक भाषेत एक लेख लिहिला. त्याचे शीर्षक होते ‘ओ उप्लावित्सी’, म्हणजे ‘आमांशाविषयी’. इजिप्तमध्ये काम करणाऱ्या कार्टुलिस यांनी एका जर्मन नियतकालिकात त्याचा गोषवारा दिला, तेव्हा लेखकाच्या जागी शीर्षकच जाऊन बसले. पुढच्या लेखकांनी ती नोंद जशीच्या तशी उचलली. अखेर १९३८ मध्ये इंग्रज जीवशास्त्रज्ञ क्लिफर्ड डोबेल यांनी मूळ लेख शोधून हा घोळ उलगडला. ‘पॅरासिटॉलॉजी’ नियतकालिकातल्या आपल्या लेखाच्या शीर्षकात त्यांनी डॉ. उप्लावित्सी यांच्या नावापुढे १८८७–१९३८ अशी साले घातली. एवढा काळ ह्लावांचे श्रेय नसलेल्या माणसाच्या खात्यावर जमा होत राहिले.

शोधनिबंधाच्या शेवटी बारीक टाइपात छापलेली संदर्भसूची अनेकांना निव्वळ सोपस्कार वाटते. प्रत्यक्षात विज्ञानाचा सगळा विश्वास तिच्यावर उभा आहे. एखादे विधान कशाच्या आधारे केले, हे कोणाही वाचकाला स्वतः तपासता यावे, यासाठी ती असते.

विरामचिन्हांचे काम

३१ मार्च १९२८ च्या ‘नेचर’मध्ये सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांचे प्रकाशाच्या विकिरणाविषयीचे सुप्रसिद्ध टिपण छापून आले. वैद्यकीय नियतकालिकांत रूढ असलेल्या व्हँकुव्हर पद्धतीने त्याची नोंद अशी होते:

रामन सीव्ही, कृष्णन केएस. अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन. नेचर. १९२८;१२१(३०४८):५०१-२.

आधी लेखक, मग शीर्षक, मग नियतकालिक. सालानंतर अर्धविराम, त्यापुढे खंडाचा क्रमांक, कंसात अंकाचा क्रमांक, अपूर्णविराम आणि शेवटी पाने. ‘५०१-२’ म्हणजे ५०१ ते ५०२. पुन्हा येणारे आकडे गाळायचे. इथे प्रत्येक चिन्हाला नेमून दिलेले काम आहे. अर्धविराम चुकीच्या जागी पडला, तर खंड कुठला आणि अंक कुठला हे कळेनासे होते. नोंद बिनचूक असेल, तर ग्रंथपाल नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीची ती दोन पाने हुडकून हातात देऊ शकतो.

मानसशास्त्र आणि सामाजिक शास्त्रांत चालणाऱ्या ‘एपीए’ पद्धतीत हेच साल लेखकांच्या नावांना लागून, कंसात येते. त्यालाही कारण आहे. त्या पद्धतीत मजकुरात ‘रामन आणि कृष्णन, १९२८’ असा उल्लेख असतो, त्यामुळे वाचक यादीत नाव आणि साल धरून शोधतो. व्हँकुव्हर पद्धतीत मजकुरात फक्त क्रमांक असतो आणि वाचक क्रमांकावरूनच शोधतो, म्हणून साल मागे गेले तरी बिघडत नाही.

गोगलगाईपासून संगणकापर्यंत

लेखक आणि साल कंसात देण्याची रीत हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ मधल्या एका निबंधापर्यंत मागे नेता येते. निबंधाचा विषय होता शंख नसलेल्या गोगलगाईच्या अंड्यांची वाढ. ‘हार्वर्ड पद्धत’ हे नाव तिथूनच आले.

व्हँकुव्हर पद्धतीचा जन्म लेखकांच्या हालअपेष्टांतून झाला. टंकलेखन यंत्राच्या काळात एका नियतकालिकाने नाकारलेला निबंध दुसरीकडे पाठवायचा, तर अख्खी यादी नव्या नियमांनुसार पुन्हा टंकित करावी लागे. १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरी जमले, आणि त्यांनी ठरवलेले समान नियम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे हे काम संगणकाने हाती घेतले. १९८५ मध्ये ‘बिबटेक’ आले, २००६ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठातून ‘झोटेरो’ आले. आज अशा साधनांसाठी दहा हजारांहून अधिक नियतकालिक-शैली तयार आहेत आणि एका क्लिकवर सगळी यादी रूप पालटते.

साच्यात बसले, पण खरे आहे का?

साचा मात्र फक्त रूप तपासतो. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांच्या सूचनापत्रात नमुन्यादाखल एक नोंद दिली होती: व्हॅन डर गीर आणि सहकारी, ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’, २०००. असा निबंध कधी लिहिलाच गेला नव्हता आणि ते नियतकालिकही नव्हते. तरीही जवळपास ४०० निबंधांत त्याचा हवाला दिलेला आढळला. यातले बहुतेक निबंध परिषदांसाठीचे होते. तयार साच्यात स्वतःचा मजकूर भरताना नमुन्याची ओळ काढायची राहून गेली होती. ही गोष्ट २०१७ मध्ये संशोधक अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी लोकांपुढे आणली. असा हवाला कधी मुद्दामही रचला जातो. गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९३१ च्या सुमारास फ्रेंच गणिती आंद्रे व्हेल यांच्या सुचवण्यावरून एका लेखात ‘बुर्बाकी’ नावाच्या काल्पनिक रशियन गणितज्ञाचा सिद्धांत आधाराला घेतला होता. तो लेखही गंभीर संशोधन म्हणून छापला गेला. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अशाच देखण्या, पण अस्तित्वात नसलेल्या नोंदी क्षणात रचून देतात.

सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन संशोधकांनी भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या निबंधाचे सुमारे ४,३०० हवाले तपासले. त्यांपैकी १९६ चुकीचे निघाले, पण वेगवेगळ्या चुका अवघ्या ४५ होत्या. एकच चूक तर ७८ जणांच्या यादीत सापडली. इतक्या जणांच्या हातून तीच चूक योगायोगाने होत नाही. नोंदी दुसऱ्याच्या यादीतून उतरवून घेतल्या होत्या, हे उघड होते.

नोंद शुद्ध आणि खरी असूनही धोका उरतो. १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांना अफूजन्य वेदनाशामके दिल्यावर व्यसन क्वचितच लागलेले दिसले, एवढेच त्यात म्हटले होते. २०१७ पर्यंत त्याचे ६०८ हवाले दिले गेले, आणि ते रुग्ण रुग्णालयातले होते ही गोष्ट त्यांतल्या सुमारे ८१ टक्के लेखकांनी सांगितलीच नाही. घरी महिनोन्‌महिने घ्यायच्या गोळ्याही निर्धोक असल्याचा समज अमेरिकेत पसरायला त्याने हातभार लावला. त्या समजाची किंमत असंख्य कुटुंबांनी मोजली.

लेखकाचा शेवटचा हात

२००० साली सुरू झालेल्या ‘क्रॉसरेफ’ या नोंदणी संस्थेमुळे आता बहुतेक निबंधांना ‘डीओआय’ हा कायमचा क्रमांक मिळतो. त्याची सुरुवात १० ने होते. तिरप्या रेषेच्या आधी नोंदणी करणाऱ्याचा क्रमांक आणि नंतर त्या निबंधाचा. प्रकाशकाचे संकेतस्थळ बदलले तरी क्रमांक बदलत नाही. म्हणून हस्तलिखित संपादकाकडे धाडण्यापूर्वी प्रत्येक डीओआय उघडून पाहावा. नावांचे स्पेलिंग, साल, खंड आणि पाने समोरच्या निबंधाशी ताडावीत. निबंध मागे घेतला गेला असेल, तर तशी सूचना तिथेच दिसते. मजकुरातला प्रत्येक क्रमांक यादीत आहे का आणि यादीतली प्रत्येक नोंद मजकुरात आली आहे का, हे दोन्हीकडून जुळवावे. आणि आपण ज्या विधानाला आधार म्हणून ती नोंद दिली, ते विधान मूळ पानावर खरोखर आहे का, हे स्वतः वाचावे. टिंबे आणि स्वल्पविराम संगणक लावून देईल. हे वाचन मात्र ज्याचे नाव निबंधावर छापले जाणार, त्यानेच करायचे असते.