शिक्षकच घोकंपट्टींत वाढला तर ?

मुलानें पाठ केलेलें उत्तर म्हणून न दाखवितां शिकलेलें व्यवहारांत लावून दाखवावें, असा हुकूम आतां वरून सुटला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें त्याचा पुरस्कार केला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें २०२४-२५ सालीं अकरावी-बारावीच्या परीक्षेंतील निम्मे प्रश्न क्षमताधिष्ठित केले. हेतूविषयीं आमचा वाद नाहीं. चक्रवाढ व्याजाचें सूत्र बिनचूक लिहिणारा मुलगा बापाच्या दुकानांतील कर्जाच्या कागदावरील व्याज ताडून पाहूं शकत नाहीं, हें व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावयास नको. प्रश्न एवढाच कीं, ज्यानें हें शिकवावयाचें त्या शिक्षकास तें कोणीं शिकविलें ?

आमच्या विद्यापीठांच्या बी. एड्. वर्गांत बहुधा काय चालतें तें पाहा. 'विद्यार्थ्यास बोलकें करा' या विषयावर प्राध्यापक तासभर एकटेच बोलतात. छात्राध्यापक तें उतरून घेतात व परीक्षेंत त्यावर टीप लिहितात. सराव पाठाचें टाचण मागल्या वर्षीच्या वहींतून येतें. हेतुकथन झालें काय, फलकलेखन नीट आहे काय, हें परीक्षक पाहतो. वर्गांतील किती मुलांस धडा समजला, हें कोणी विचारीत नाहीं!

सुधारणा म्हणून आजवर वर्षांचीच बेरीज-वजाबाकी झाली. २०१५ पासून एका वर्षाचीं दोन झालीं. २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता व्हावयाची आहे. मध्यंतरीं २०२५ च्या मसुद्यांत एका वर्षाचा अभ्यासक्रम पुन्हां डोकावला. पाणी घातल्यानें दूध वाढतें, साय वाढत नाहीं. कित्येक अध्यापक महाविद्यालयें केवळ पदव्या विकतात, हा न्यायमूर्ति वर्मा आयोगाच्या २०१२ च्या अहवालाचा निष्कर्ष धोरणानेंच उद्धृत केला आहे. आणि तो आयोग नेमण्याची पाळी सर्वोच्च न्यायालयावर आली ती आमच्याच महाराष्ट्रांतील अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेच्या तंट्यावरून, ही शरमेची गोष्ट होय.

वास्तविक दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांत शाळेंतील कामास २० आठवडे नेमलेले आहेत. पण मुख्याध्यापकास छात्राध्यापक म्हणजे रजेवरील शिक्षकाच्या जागीं मिळालेला फुकटचा मनुष्य वाटतो, आणि आंतरवासितेच्या वहीवर सह्या शेवटच्या दिवशीं एकदम पडतात. आम्हीं कायद्याची पदवी घेतली तेव्हां साधा अर्ज लिहितां येत नव्हता. ज्येष्ठ वकिलाच्या कचेरींत दफ्तरें वाहिलीं, तेव्हां कोठें उलटतपासणी कशास म्हणतात तें कळलें. शिक्षकाचा धंदा याहून निराळा कां असावा ? १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जोतीराव फुल्यांनीं प्राथमिक शाळांसाठीं शिक्षक मागितले, ते नांगर हातीं धरावयास न लाजणारे. तें मागणें माध्यमिक शाळांसही लागू आहे.

म्हणून आमचें सांगणें असें. विद्यापीठांनीं निवडक शाळांशीं कायमचा करार करावा. तेथील अनुभवी शिक्षकास मार्गदर्शनाचें वेतन द्यावें. आणि पदवीचे निम्मे गुण, छात्राध्यापकानें सबंध सहामाहींत एकच वर्ग कोठून कोठें नेला हें पाहून, त्याच शिक्षकाच्या हातून मिळावे. शिवाय अध्यापनशास्त्राच्या प्राध्यापकांनीं दरवर्षी नववीचा एक वर्ग स्वतः शिकवावा. यास त्यांचा विरोध होईल, हें आम्ही जाणून आहों.