मुकी रोपेही लढतात!

टोमॅटोच्या रोपाला पळता येत नाही, ओरडताही येत नाही. अळीने पान कुरतडले तरी ते निमूटपणे सोसते, असा आपला समज! अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात ग्रीन आणि रायन या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये तो खोटा ठरवला. भुंगेऱ्याने एक पान खाल्ले, की रोपाच्या धडधाकट पानांतही एक खास प्रथिन साठू लागते. ते किडीच्या आतड्यातील पाचकरसांना अडवते. पोट भरते, पण खाल्लेले अंगी लागत नाही, कीड खुरटते. जखमेची वर्दी देणारा रेणू, सिस्टेमिन, १९९१ मध्ये सापडला. तो अवघ्या १८ अमिनो आम्लांचा आहे.

मग शेतकऱ्याला फवारणी का करावी लागते? कारण शत्रूही कमी नाही. हरभऱ्यातही असे प्रथिन असते. पण घाटेअळीचे पाचकरस तेच मोडून टाकतात, असे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. चौधारी घेवड्याच्या बियांतील प्रथिनांपुढे मात्र त्या पाचकरसांची मात्रा चालत नाही, हेही पुढे तेथेच आढळले. एका पिकाची ढाल दुसऱ्याच्या हाती देता आली, तर आपल्या घरातल्या डाळीवरची फवारणी थोडी तरी कमी होईल.