वऱ्हाडच्या उन्हात झेब्रा लोच

अमरावतीत माशांच्या दुकानात झेब्रा लोच मागितला, की जाळीत एकच मासा धरून दाखवतात. ‘‘घेऊन पाहा भाऊ, तळ साफ ठेवते.’’ एवढ्याशा वाक्यात दोन गफलती आहेत. हा मासा एकटा आणायचा नसतो आणि तळ साफ करायला तर मुळीच आणायचा नसतो. खाली पडलेलं खाणं तो टिपतो, बारक्या गोगलगायी कवचातून ओढून खातो. पण विष्ठा, शेवाळ, कुजलेली पानं ही कामं आपलीच राहतात.

मासा बोटाएवढा, आठेक सेंटिमीटरचा. अंगभर बारीक उभे पट्टे आणि तोंडापाशी मिशा. शास्त्रीय नाव बोटिया स्ट्रायटा. सी. आर. नारायण राव यांनी १९२० साली तुंगा नदीतल्या माशांवरून त्याची पहिली नोंद केली. म्हणजे थायलंड-इंडोनेशियाचा वाटणारा हा मासा सह्याद्रीतला आहे. कृष्णेला मिळणाऱ्या वरच्या प्रवाहांत, आपल्या कोल्हापूरकडेही तो सापडतो. आययूसीएनच्या यादीत तो ‘धोक्यात’ या वर्गात आहे, म्हणून चार मासे मारून शिकायचा हा प्रकार नव्हे. आधी पेटी तयार करायची, मासे मागाहून आणायचे.

पेटी तीन फूट लांबीची घ्या. उंचीपेक्षा तळ मोठा हवा, कारण हा मासा तळाशीच वावरतो. तळाला रंगीत, धारदार खडी नको, तिच्यावर मिशा झिजतात. बारीक, गोल कणांची वाळू बादलीत नितळ पाणी येईपर्यंत धुवा. चिमूटभर वाळूवर लिंबू पिळून पाहा. फसफसली तर तिच्यात चुना आहे, ती वापरू नका. लपायला कौलाचे तुकडे, करवंटी, मातीची छोटी बोळकी, काहीही चालतं. मात्र माशांपेक्षा बिळं जास्त हवीत. वरती झाकण हवंच, कारण लोच उडी मारतो. फिल्टरच्या नळीच्या तोंडाला स्पंज बांधा, नाहीतर एखादा आत शिरून बसतो.

फिल्टर सुरू करून लगेच मासे सोडले, की तिथेच बिघडतं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे याचा हिशेब आणखी कडक आहे. पंचवीस अंश तापमानात पीएच ७ असेल तर पाण्यातल्या अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की पाच टक्के. पाणी जसं तापेल, तसा तो आकडा आणखी चढतो. बोअरचं जड पाणी आणि त्यात एप्रिल, म्हणजे काय ते समजा.

मासे आणायचे ते सहा तरी. कळपात त्यांची मानापमानाची सतत झटापट चालते, पण ती सहा जणांत वाटली जाते. दोघांतला दुबळा मात्र कोपऱ्यात कोंडला जातो. एकटा असला, तर दिवसदिवस करवंटीबाहेर येत नाही. सोबतीला रासबोरा, डॅनिओ असे चपळ मासे बरे. लांब परांचा फायटर किंवा एंजल नको, कारण पर कुरतडले जातात. जाळीनं पकडू नका. डोळ्याखाली दुटोकी काटा असतो, डिवचलं की तो बाहेर येतो आणि जाळीत अडकतो. प्लॅस्टिकच्या डब्यात हुसकावून घ्या. आमच्या घरात पहिल्या आठवड्यात दोन मासे कुशीवर आडवे पडलेले दिसले. ‘‘मेले वाटते,’’ म्हणून डबा पाण्यात घातला, तर दोघे सुसाट पळाले. झोपले होते.

खाणं तळाला बसणारं द्या, तेही दिवा बंद करण्याआधी. वर तरंगणारे दाणे खाली पोचेपर्यंत रासबोरांनी संपवलेले असतात.

पांढरे ठिपके उठले, की दुकानातलं नेहमीचं औषध निम्म्या मात्रेत. लोचचे खवले अतिशय बारीक आणि कातडीत रुतलेले असतात, त्यामुळे औषध अंगाला लागतं. मिठाचा घरगुती उपाय त्याच्यासाठी करू नका. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात, बोअरमधूनच मीठ येतं. तिथे तर नळाचं किंवा आरओचंच पाणी वापरा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यासाठी अँटी-क्लोरीनचे थेंब टाका.

आता खरा प्रश्न, मे महिन्याचा. झेब्रा लोचला तेवीस ते सव्वीस अंश मानवतात आणि आपल्या खोलीतली पेटीही बत्तिशी सहज ओलांडते. पंचवीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तीस अंशांना सातच. तेवढ्यात माशाची गरज मात्र वाढलेली असते. बर्फाच्या बाटल्या टाकून तापमान खालीवर करू नका. माठाची युक्ती करा. झाकणाजागी बारीक जाळी ताणायची आणि पृष्ठभागावर लहान टेबलफॅन तिरका लावायचा. वऱ्हाडची हवा कोरडी, म्हणून पाणी भरभर उडतं आणि दोन-तीन अंशांनी उतरतं. मुंबईत हे इतकं साधत नाही. वीज गेल्यावरही हवेचे बुडबुडे चालू राहावेत म्हणून बॅटरीवरचा एअरपंप घ्या.

एक गोष्ट नजरेआड होते. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. रोज नळाचं पाणी भरत राहिलं, तर महिन्याभरात पेटीतलं पाणी बोअरच्या पाण्यासारखं होतं. म्हणून काचेवर स्केचपेननं पाण्याची रेघ मारून ठेवा. पंखा लावल्यापासून दर दोन दिवसांनी बघा, पाणी रेघेखाली बोटभर उतरलेलं असेल. ते तेवढं आरओच्या पाण्यानं भरा आणि आठवड्याचं चौथाई पाणी मात्र नेहमीसारखंच बदला.