स्लाइडची मागणी आणि डिजिटल छायाचित्र

छायाचित्र स्पर्धा, नियतकालिके आणि चित्रकारांसाठीच्या शिष्यवृत्त्या यांच्या नियमावलींत ‘३५ मिमीच्या स्लाइड पाठवाव्यात’ ही अट अनेक वर्षे ठरलेली असे. जुन्या नियमावलीत ती आजही आढळली, तर केवळ डिजिटल कॅमेरा असलेल्या छायाचित्रकाराने काय करावे? याचे उत्तर शोधण्यापूर्वी स्लाइडच का मागितली जात असे, हे समजून घ्यायला हवे.

निगेटिव्हवरून कागदी प्रत काढताना रंग आणि उजेड किती ठेवायचा, हे अंधाऱ्या खोलीतील कारागीर ठरवीत असे. स्लाइडचे तसे नव्हते. कॅमेऱ्यात प्रकाश झेललेली फिल्मच प्रक्रियेनंतर सुमारे ५ सेंटीमीटरच्या चौकटीत बसवली जाई. संपादक ती प्रकाशमेजावर ठेवून भिंगातून रेखीवपणा तपासत आणि मुद्रक छापील रंग तिच्याशी ताडून पाहत. मूळ फिल्ममध्ये फेरफार करणे कठीण असल्याने ती सत्यतेचा पुरावाही ठरे. शिवाय, परीक्षकांना एकत्र बसून ती पडद्यावर पाहता येई. थोडक्यात, मागणी स्लाइडची असली, तरी गरज तपशील, रंगांची खात्री, सत्यता आणि पाहण्याची सोय या चार गोष्टींची होती.

पुढे साधनेच बदलली. कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टरचे उत्पादन थांबवले, तर १९३५ पासून चालत आलेली कोडाक्रोम फिल्म २००९ मध्ये बंद केली. तिच्यावर प्रक्रिया करणाऱ्या अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या अखेरच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस नव्या फिल्म स्वीकारणे थांबवले. स्लाइड फिल्म मात्र नामशेष झालेली नाही. बंद पडलेली एक्टाक्रोम २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आली.

डिजिटल फाइल वरील चारही गरजा भागवू शकते, पण त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. ए-४ आकाराच्या पूर्ण पानावर दर इंचाला ३०० बिंदू या प्रमाणाने छपाई करायची, तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल हवेत. लहान फाइल संगणकावर ताणून मोठी केली, तरी नवा तपशील निर्माण होत नाही. फाइलसोबत एसआरजीबी किंवा अ‍ॅडोबी आरजीबी यांपैकी वापरलेली रंगप्रणाली जोडलेली असावी. अन्यथा दुसऱ्या पडद्यावर रंग वेगळे दिसण्याचा संभव असतो. सत्यतेसाठी कॅमेऱ्यातील मूळ ‘रॉ’ फाइल जपून ठेवावी. अंतिम फेरीत पोहोचलेल्या छायाचित्रांची ‘रॉ’ फाइल वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धाही मागतात.

डिजिटल फाइलवरून स्लाइड तयार करणे शक्य असते. फिल्म रेकॉर्डर हे यंत्र संगणकावरील चित्र फिल्मवर उतरवते. छायाचित्रे प्रोजेक्टरवरच दाखवली जाणार असतील, तर हा खर्च समर्थनीय ठरतो. छपाईसाठी मात्र ती स्लाइड पुन्हा स्कॅन करावी लागते आणि प्रत्येक रूपांतरात थोडा तपशील व रंगांची थोडी अचूकता गमवावी लागते. अशा वेळी मूळ फाइल पाठवणेच श्रेयस्कर.

ज्यांच्या संग्रही जुन्या स्लाइड आहेत, त्यांनी उलटा प्रवास लवकर करावा. गोव्याच्या दमट हवेत फिल्मवर बुरशी चढते. ३५ मिमीची स्लाइड दर इंचाला ४००० बिंदूंनी स्कॅन केली, तर सुमारे २ कोटी १४ लाख पिक्सेलची फाइल मिळते. ए-४ पानाला ती पुरून उरते.

तरीही एक गोष्ट गृहीत धरू नये. नियमात स्लाइड लिहिलेली असताना न विचारता फाइल पाठवल्यास प्रवेशिका बाद होऊ शकते. ‘डिजिटल फाइल चालेल का, किती पिक्सेलची, कोणत्या स्वरूपात आणि कोणत्या रंगप्रणालीत?’ एवढे प्रश्न मुदतीपूर्वी लेखी विचारावेत आणि आलेले उत्तर प्रवेशिकेसोबत जोडावे. फिल्मवर काढलेलेच काम हवे, असे आयोजकांनी कळवले, तर तो त्या स्पर्धेचा विषयच आहे असे समजावे. तेथे डिजिटल छायाचित्रावरून बनवलेली स्लाइड पाठवणे हा मार्ग नव्हे.